ताप उतरल्यानंतर

आजारी माणसाची विचारपूस करण्याची आपल्या समाजातली रीत फार चांगली आहे. कुणी अंथरूण धरले की अख्खा मोहल्ला दारात येतो. कुणी फळे आणतो, कुणी पाण्यावर दम करून देतो, कुणी नुसताच उशाशी बसून जातो. मात्र ही विचारपूस साधारण पंधरवडाभर टिकते. तेवढ्यात आजाऱ्याने बरे व्हावे, नाहीतर अल्लाहला प्यारे व्हावे, अशी जणू अपेक्षाच असते. जो धड बराही होत नाही आणि मरतही नाही, अशा आजाऱ्याशी कसे वागायचे ते आपल्याला ठाऊक नाही. आम्ही दोघी जावा २०२१ पासून या तिसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून दोघींनी मिळून हे लिहायला घेतले. एकीला शब्द आठवेनासा झाला की दुसरी पुढचे वाक्य लिहिते.

आमचे घर सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सासू-सासरे, दोन भाऊ, आम्ही दोघी आणि तीन मुले. थोरलीची घरातच दोन शिलाई मशिने. जून आला की शाळेच्या गणवेशांची रास पडायची. धाकटी एका खासगी शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर इतिहास शिकवायची.

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला आणि त्याच रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले. दुसऱ्या लाटेचे ते दिवस वाचकांना आठवत असतीलच. पहिल्या अशऱ्यातच अब्बांना ताप आला, पाठोपाठ आम्हा दोघींना. अब्बांचा ऑक्सिजन उतरला, त्यांना सोलापूरला हलवावे लागले. अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. आमचा दोघींचा आजार डॉक्टरांच्या भाषेत 'सौम्य' होता. चार दिवस ताप, अंगदुखी, थोडा खोकला. वरच्या खोलीत चौदा दिवस काढून आम्ही खाली आलो. १४ मेच्या ईदला अब्बाही घरी होते. घरादाराने शुक्र अदा केला.

त्याच दिवशी धाकटीने शीरखुर्म्याच्या पातेल्याचे झाकण उघडले आणि तिला कसलाच वास आला नाही. ना तुपाचा, ना वेलदोड्याचा. थोरली चुलीपाशी उभी होती ती मटकन खाली बसली. छातीत असे धडधडत होते, जणू ती पाण्याच्या दोन घागरी घेऊन जिना चढून आली आहे.

महिनाभराने जाईल म्हणालो. गेले नाही. जुलैमध्ये बकरी ईद आली तेव्हा ऑक्सिजनवरून परत आलेले अब्बा सायकलवरून मशिदीत जाऊ लागले होते, आणि घरात राहून 'सौम्य' आजार काढलेल्या आम्ही दोघी भिंतीला धरून चालत होतो. आजार किती जोराचा होता यावर मागे काय उरेल हे ठरत नाही, ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा अब्बांकडे बघून कळली. रुग्णालयात दाखल झालेल्यांना धोका अधिक असतो हे खरे. पण लाँग कोविडच्या रुग्णांत घरी बरे झालेल्यांची संख्याही फार मोठी आहे, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत.

थोरलीचा थकवा म्हणजे काम केल्यावर येतो तो थकवा नव्हता. तो झोपेने जात नसे. सकाळी जरा हुशारी वाटली म्हणून तिने चार कपडे धुतले, तर त्या दिवशी काही होत नसे. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, अंग शिसे ओतल्यासारखे जड होई, घसा दुखे, उजेड सहन होत नसे. उभे राहिले की ठोके वाढत. बोलता बोलता साधे शब्द निसटत. कैचीला 'ते कापायचे' म्हणायची. गणवेशाची मापे वहीत लिहिलेली असूनही बाही आणि कॉलर यांचे गणित जुळेना.

धाकटीचा वास तीन महिन्यांनी परतला, पण उलटा होऊन. तळलेला कांदा, लसूण, भाजलेले मटण यांतून तिला काहीतरी कुजल्याचा दर्प येऊ लागला. बिर्याणीसाठी कांदा तळायला घेतला की तिला ओकारी येई. लोक हसत. पण वास नसणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. दूध करपून धूर झाला तरी तिला कळत नव्हते. एकदा गॅसची नळी गळत होती, ते शाळेतून आलेल्या मुलाने सांगितले. शिवाय झोप उडालेली, आणि वर्गात फळ्यासमोर उभी राहिली की शिवाजी महाराजांच्या आग्रा भेटीचे साल आठवेना. वर्षानुवर्षे शिकवलेला धडा. दिवाळीनंतर शाळेने तिची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

तपासण्या झाल्या. रक्त, छातीचा फोटो, कार्डिओग्राम. सगळे नॉर्मल. घरच्यांना आनंद झाला. आम्हाला तो पुरता घेता आला नाही, कारण नॉर्मल रिपोर्ट हाती आला की रुग्णाच्या तक्रारीचे वजनच उतरते. एका डॉक्टरांनी कागद बाजूला सारून सांगितले, "तुम्ही मनावर फार घेता. हिंडा, फिरा, कामाला लागा." शेजारच्या खालाजानना ही नजर वाटली. कुणी म्हटले, दोन जावांनी मिळून काम टाळायची युक्ती काढली आहे. कुणी लशीला दोष दिला. आम्ही आजारी पडलो एप्रिलमध्ये. पंचेचाळीसच्या आतल्यांना लस खुली झाली १ मे २०२१ पासून आणि आम्हा दोघींना पहिली मात्रा मिळाली ऑगस्टमध्ये. पण अफवेला तारखा विचारतो कोण? पुढे झालेल्या अभ्यासांत तर लस घेतलेल्यांना लाँग कोविड होण्याचे प्रमाण कमी दिसले आहे.

आमच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवला तो अम्मींनी, आमच्या सासूबाईंनी. २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची साथ होती, तेव्हा त्या आजारी पडल्या होत्या. ताप आठवड्यात गेला, पण पुढे कित्येक महिने त्यांची मूठ वळत नव्हती, कणीक मळता येत नव्हती. त्या वेळी त्यांनाही ढोंगी म्हणणारे भेटले होते. खालाजानना त्या आपल्या दखनीत एवढेच म्हणाल्या, "बुखार तो जाता गे, पन घर में क्या क्या तोड के जाता, वो बाद में मालूम पडता." वैद्यकाच्या पुस्तकात शोधून याहून नेमके वाक्य आम्हाला सापडले नाही.

उर्दूत नकाहत असा शब्द आहे. आजार उतरल्यावर अंगात उरतो तो अशक्तपणा. जुने हकीम नकाहतीसाठी वेगळा आहार, वेगळी विश्रांती सांगत. म्हणजे ताप उतरला की माणूस बरा झाला असे आपले पूर्वजही मानत नव्हते. फरक इतकाच की नकाहत शोरव्याने आणि चार आठवड्यांच्या आरामाने भरून निघते. लाँग कोविड तसा निघत नाही.

हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही, रुग्णांनी दिले आहे. एलिसा पेरेगो ही पुरातत्त्वाची इटालियन अभ्यासक. स्वतः आजारी असताना मे २०२० मध्ये तिने ट्विटरवर हा शब्द वापरला आणि जगभरचे रुग्ण त्याखाली गोळा झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली: लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे. थकवा, धाप, विचार आणि स्मरण यांत अडथळा ही त्यांतली मुख्य. रुग्णांनी नोंदवलेल्या लक्षणांची यादी दोनशेच्या वर जाते. संघटनेच्या अंदाजानुसार कोविड झालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना हा त्रास होतो. शंभरांत सहा ऐकायला थोडे वाटतात. मोहल्ल्यात किती जणांना कोविड होऊन गेला ते आठवा आणि हिशोब करा.

आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतरच्या आजारांची चर्चा झाली ती बहुतेक म्युकरमायकोसिसची. ती बुरशी जीवघेणी होती, डोळा-जबडा काढावा लागलेली माणसे आम्ही पाहिली. तिच्यापुढे आमच्यासारख्यांचा थकवा कुणाच्या नजरेत भरणार?

हे होते कशामुळे? एकच एक कारण अजून हाती लागलेले नाही, आणि बहुधा सगळ्यांत कारण एकच नसावेही. काही रुग्णांच्या आतड्यांत आणि रक्तात विषाणूचे अंश कित्येक महिन्यांनंतरही सापडले आहेत. चोर निघून गेला तरी त्याचे सामान घरात राहावे तसे. काहींची प्रतिकारशक्ती शांतच होत नाही, उलट आपल्याच शरीरावर उठते. काहींत लहानपणी येऊन झोपी गेलेले जुने विषाणू पुन्हा जागे होतात. रक्तातल्या अतिसूक्ष्म गुठळ्यांबद्दल दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी बरेच लिहिले आहे. त्यावर वाद चालू आहेत. शिवाय हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन यांची आपसूक चालणारी मज्जायंत्रणा बिघडते. उभे राहिले की थोरलीची छाती धडधडायची ती यामुळे. वासाच्या बाबतीत विषाणू मुख्यतः नाकातल्या वासाच्या मज्जापेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर घाव घालतो.

जानेवारी २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लाँग कोविडच्या रुग्णांकडून थोडा वेळ व्यायामाची सायकल चालवून घेतली आणि आधी व नंतर त्यांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. श्रमानंतर स्नायूंतली इजा आणि शक्ती निर्माण करण्यातला बिघाड वाढलेला दिसला. ही बातमी धाकटीने थोरलीला वाचून दाखवली तेव्हा थोरली रडली. आजार वाढल्याचे दुःख नव्हते ते. आपण खोटे नव्हतो, हे कुठेतरी काचेखाली दिसले होते.

२०२२ च्या सुरुवातीला आम्हाला एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी आधी ऐकून घेतले, मग दुसरे काही नाही ना याची खात्री केली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-बारा. हे फार महत्त्वाचे आहे. कोविडनंतर काहींना नव्याने मधुमेह जडतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप असेल तर आपल्या देशात आधी क्षयाची तपासणी व्हायला हवी; सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. छातीत दुखणे, अचानक धाप, ओठ निळे पडणे, एकाच पायाला सूज, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काही झाले तर लाँग कोविड म्हणून घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

मग त्यांनी थोरलीला दहा मिनिटे निजवून नाडी मोजली, ७८ भरली. उभे करून दहा मिनिटांत पुन्हा मोजली, ११८. उभे राहिल्यावर रक्तदाब न पडता ठोके तीस किंवा अधिक वाढणे ही त्या मज्जायंत्रणेच्या बिघाडाची खूण मानली जाते. या तपासणीला महागडे यंत्र लागले नाही. दुसऱ्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर आमच्याही कपाटात पडून होता. नाडी तोही दाखवतो. पाणी भरपूर, मीठ जरा जास्त, पायांना घट्ट मोजे, अंथरुणातून टप्प्याटप्प्याने उठणे, असे उपाय त्यांनी सांगितले. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये, हेही बजावले.

त्यांचा मुख्य सल्ला मात्र एका म्हणीत मावणारा होता: अंथरूण पाहून पाय पसरावे. अंगात आज जेवढी शक्ती आहे, तिच्या आतच दिवस बसवायचा. बरे वाटते म्हणून साचलेली सगळी कामे उपसायची नाहीत. श्रमानंतर ज्यांचा त्रास वाढतो त्यांना रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या हा सल्ला घातक ठरू शकतो. याच जातीच्या एका जुन्या थकव्याच्या आजारासाठी इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेने तो सल्ला ऑक्टोबर २०२१ मध्ये मागे घेतला. ज्यांना असा उलटा फटका बसत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हालचाल वाढवायला हरकत नाही.

धाकटीसाठी वासाची तालीम होती. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडा वेळ लक्ष देऊन घ्यायचा, निदान तीन महिने. घरात चारही वस्तू होत्या. अब्बांच्या गुलाबाच्या अत्तराची कुपी फजरनंतर धाकटीच्या हाती येऊ लागली. ही तालीम सगळ्यांनाच गुण देते असे नाही, पण तिच्यात अपायही नाही.

लाँग कोविड मुळासकट घालवणारे औषध अजून नाही. विषाणूवरची पॅक्सलोविड ही गोळी पंधरा दिवस देऊन पाहिली, त्या चाचणीत २०२४ मध्ये फारसा लाभ दिसला नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे स्वस्त औषध लागण होताच जादा वजनाच्या लोकांना दिले, तेव्हा पुढे लाँग कोविड होण्याचे प्रमाण घटल्याचे २०२३ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसले. पण आधीच जडलेल्या दुखण्यावर तो इलाज ठरलेला नाही. म्हणून 'हमखास उतारा' विकणाऱ्यांपासून जपावे. पहिल्या वर्षी अशा पुड्यांपायी धाकटीच्या मेहेरच्या दोन बांगड्या गेल्या. गरजू माणूस कुठलेही दार ठोठावतो. विकणाऱ्यांना ते चांगले माहीत असते.

रमजानचा प्रश्न आपल्या बायकांना सर्वांत अवघड जातो. २०२२ चा रमजान ऐन एप्रिलच्या उन्हात आला. दिवसभर पाण्यावाचून राहणे थोरलीला झेपणारे नव्हते, डॉक्टरांनी मनाई केली. "दिसायला तर ठीक दिसते, मग रोजा का नाही?" हा सवाल घरी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांत होता. आजाऱ्याने रोजे इतर दिवसांत पुरे करावेत, ही सवलत कुरआननेच दिलेली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढावी, ही शिकवण हदीसमध्ये आहे. बरे होण्याची आशा असेल तर कजा, नसेल तर फिदया. आपल्या बाबतीत काय लागू होते ते आलिमांना विचारून घ्यावे. अल्लाहने दिलेली सवलत शेजारणीने काढून घेऊ नये. आमच्या मशिदीतल्या मौलानांनी जुम्याच्या बयानात हा विषय नाव न घेता काढला, तेव्हापासून खुर्चीवर नमाज पढणाऱ्या थोरलीकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या.

औषधापेक्षा जास्त गुण आला तो घराच्या मांडणीत झालेल्या बदलाने. बाईने आराम करावा असे डॉक्टर लिहून देतात, पण नऊ माणसांच्या भाकऱ्या त्या कागदावर भाजता येत नाहीत. अम्मींनी एका रात्री दस्तरखानावर सगळ्यांना बसवून कामे वाटली. भाईजान कणीक मळतात. धाकट्या भावाकडे कपडे आणि बाजार. थोरलीचा मुलगा तेव्हा नववीत होता, भांडी त्याची. बुधवारी आणि शनिवारी नुसती खिचडी. ओट्यापाशी एक स्टूल आले, भाजी बसून चिरायची. आंघोळही स्टुलावर. मशीन दुपारी बाराच्या आत वीस-वीस मिनिटे, मध्ये पडून राहायचे. मापांसाठी भिंतीवर पाटी. पुरुषांनी चूल सांभाळली म्हणून बाहेर थोडी चेष्टा झाली. भाईजान म्हणाले, "पीठ मेरेकू पूछताच नै के मर्द है के औरत."

आज धाकटीचा वास बराचसा परत आला आहे. कांदा अजून फसवतो. तिची शाळा गेली ती गेलीच. आता ती घरी चार मुलांची शिकवणी घेते, साले वहीत बघून सांगते आणि तसे मुलांना आधीच सांगून ठेवते. थोरलीचे दिवस निम्मे चांगले, निम्मे वाईट. गणवेश पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले. बरीच माणसे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सुधारतात, काही आमच्यासारखी रेंगाळतात. मुलांनाही हा आजार होतो. पुन्हा लागण झाली तर पुन्हा धोका असतो, म्हणून घरात कुणाला सर्दी-ताप आला तर अजूनही आमच्याकडे मास्क बाहेर निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. जगाने सुटकेचा श्वास घेतला, घ्यायलाच हवा होता. पण आपल्या मोहल्ल्यातून एकदा हिंडून पाहा. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली एखादी बाई दिसेल, दुकानाच्या गल्ल्यावर हिशोब चुकणारा पस्तिशीचा माणूस दिसेल, तीनदा विचारूनही नाव न आठवणारी मास्तरीण दिसेल. त्यांचे रिपोर्ट नॉर्मल असतील आणि चेहरेही. त्यांना 'अजून बरी नाहीस का?' असे विचारू नका. 'आजचा दिवस कसा आहे?' एवढेच विचारा. उत्तर वाईट आले तर उपदेश न करता बाह्या सरसावा आणि त्यांच्या घरची कणीक मळून द्या.